ताण नावाचा आकडा

मार्च उजाडला की मला स्वस्थ बसवत नाही. आता परीक्षा मी द्यायची नसते, घ्यायची असते. तरीही गंगापूर रोडला द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या, दुपारचं ऊन पांढरं दिसायला लागलं आणि कॉलेजच्या लॅबबाहेर मुलांचे घोळके हळू आवाजात भांडायला लागले, की मी उगाच कपाटं आवरायला काढते आणि अर्धवट सोडते. चहा करते, तो गार होतो. परवा एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, कालपर्यंत सगळं चालत होतं. आज काय झालंय तेच कळत नाही." तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती लॅपटॉप उघडत होती तेवढ्यात मी दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात जाऊन पोचले होते.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला आम्ही तिघं होतो. मी, नितीन आणि वैशाली. नितीन मखमलाबादचा. घरी फुलशेती, त्यामुळे तो कॉलेजला यायचा तो झेंडूचा नाहीतर गुलाबाचा वास घेऊनच. वैशाली इगतपुरीची. तिचे बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते आणि ती रोज पॅसेंजरने नाशिकरोडला उतरून, बस पकडून कॉलेजात यायची. बोलायची कमी. पण एखादी गोष्ट चुकली असेल तर "हे असं नसतं" एवढंच म्हणायची आणि मग आम्ही दोघं कितीही ओरडलो तरी जागची हलायची नाही.

बाकीच्या ग्रुपनी लायब्ररी नाहीतर दवाखान्याची नोंदणी असले विषय घेतले होते. नितीनने कुठल्याशा सीडीवर एक खेळ पाहिला होता. त्यात माणसांची एक वसाहत वसवायची असते आणि ती जगवायची असते. तसा खेळ आपण करू, असं त्याच्या डोक्यात बसलं. गाईड सरांनी कपाळाला हात लावला. "गेम? एक्स्टर्नलला काय सांगणार तुम्ही?"

"सर, सिम्युलेशन म्हणू की," नितीन म्हणाला. सरांना तो शब्द आवडला आणि त्यांनी सही केली.

आमची वस्ती दिसायला अगदी साधी होती. तपकिरी जमीन, हिरवा चौकोन म्हणजे शेत, निळा चौकोन म्हणजे विहीर आणि रंगीत ठिपके म्हणजे माणसं. प्रत्येक ठिपक्याच्या डोक्यावर नाव. नावं नितीनने आपल्या गल्लीतून उचलली होती. सखाराम, गौरा, बबन, यमू. या खेळाची गंमत अशी, की माणसाला हाताने हलवता यायचं नाही. आपण फक्त सांगायचं, विहीर खणा, भात लावा. जायचं की नाही, कधी जायचं, मध्येच बसून राहायचं का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला मन पाहिजे. नितीनने जमीन आणि कामं घेतली, मी पडद्यावरची चित्रं घेतली आणि मन वैशालीकडे गेलं.

मन म्हणजे तिने एक आकडा केला होता. त्याचं नाव ताण. पोट रिकामं राहिलं की आकडा वाढणार. उघड्यावर झोपायला लागलं की वाढणार. गरम भाकरी मिळाली, सावलीत कोणाशी चार घटका बसायला मिळालं, की उतरणार. शंभरच्या वर गेला की माणूस फुटणार. काम टाकून देणार, नाहीतर भांडी फोडणार, नाहीतर शेजारच्यावर हात टाकणार. ज्याने मार खाल्ला त्याचा ताण वाढणार. ज्याने पाहिलं त्याचाही.

लिहायला सोपं होतं. चालवायला गेलो आणि आमची झोप उडाली. आकडे थोडे कमी ठेवले, की माणसं दगड व्हायची. घर जळलं तरी शेजारी उभी राहून भात लावायची. थोडे वाढवले, की एका दुपारी गौराचं मडकं फुटायचं, ती बबनला मारायची, बबन गवताच्या गंजीला काडी लावायचा, ते बघून यमू रडत रानात निघून जायची आणि चहा संपायच्या आत वस्तीत कोणी शिल्लक राहायचं नाही. नितीन खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, "लय झालं राव. एका मडक्यापायी अख्खं गाव पेटलं." पहिल्या खेपेला आम्ही खूप हसलो. पुढे पुढे हसू येईना.

कॉम्प्युटर माझ्या घरी होता आणि त्या उन्हाळ्यात लोडशेडिंगने जीव खाल्ला होता. दुपारी वीज गेली की पंखा घरघरत थांबायचा आणि युपीएस बोंबलायला लागायचा. आतल्या खोलीतून माझे वडील ओरडायचे, "ते पी-पी आधी बंद करा." पडद्यावर गौरा भांडत असायची आणि इकडे मी आणि नितीन. एकदा तर जमिनीचा रंग गडद असावा की फिका, यावरून आम्ही एक दिवस एकमेकांशी बोललो नाही. घाम, उकाडा, अंगाला चिकटलेला ओढणीचा काठ, खालच्या रस्त्यावर कलिंगडवाल्याची हाळी. मला सारखं उठून गच्चीत जावंसं वाटायचं आणि गच्चीत गेलं की परत खाली यावंसं. त्या खोलीत एकटी वैशाली शांत असायची. निदान आम्हाला तसं वाटायचं.

मग एक दिवस नितीनच्या चुकीने बबन विहिरीत पडला. विहिरीच्या चौकोनात कोणी जाऊ नये, हे सांगायचं तो विसरला होता. ठिपका निळ्यात गेला आणि दिसेनासा झाला. सखाराम शेजारीच पाणी भरत होता. आता आमच्या वस्तीत मरण आलं होतं आणि पाहणाऱ्याला ते किती लागतं, याचा आकडा ठरवणं आलं. वैशालीने तो जागच्या जागी टाकला. थोडासा वाढेल आणि तिसऱ्या दिवशी शून्यावर येईल.

"तीनच दिवस?" मी विचारलं.

"हो."

"अगं, डोळ्यांदेखत माणूस गेला त्याच्या. तीन दिवसांत कसा नीट होईल?"

"होतो," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "आमचे बाबा तिसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले होते."

नितीनने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग तिने सांगितलं, ज्या आवाजात ती मला एखादी ओळ कुठे चुकली ते सांगायची त्याच आवाजात. मागच्या पावसाळ्यात बाबा मालगाडी घेऊन मनमाडकडे निघाले असताना एका फाटकाजवळ एक माणूस गाडीखाली आला. बाबा घरी आले, आंघोळ केली, जेवले, झोपले. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले. घरात त्यावर पुढे बोलणं झालं नाही. तसंही त्यांच्या घरात बोलणं कमीच, कारण रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असायचा. कपबशी वाजवायची नाही, रेडिओ लावायचा नाही, हसायचं तर तोंडावर पदर धरून. वैशाली तशी का होती, ते मला त्या दिवशी कळलं.

"म्हणून म्हणते, माणसं काम थांबवत नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही उगाच त्यांना फोडताय."

पण सखाराम दगडासारखाच वागत राहिला. बबन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तो त्याच विहिरीवर गेला, घागर भरली, परत आला. ते बघवत नव्हतं आणि नक्की काय चुकतंय ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा, ओरल, आठवड्यावर आली आणि आमच्या भागात वीज दुपारभर जायला लागली. वैशाली म्हणाली, "आमच्याकडे क्वार्टरमध्ये लाइट जात नाही. रेल्वेची आहे." मग काय, नितीनने कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत बांधला, मी मॉनिटर मांडीवर घेतला आणि आम्ही नाशिकरोडहून पॅसेंजरने इगतपुरीला निघालो. समोरची एक बाई सारखी विचारत होती, "टीव्ही बिघडला का हो?" शेवटी नितीन "हो" म्हणाला.

इगतपुरीची हवा गार होती, तरी त्या क्वार्टरमध्येही मला चैन पडेना. तिथली शांतताच अंगावर यायची. काकू, म्हणजे वैशालीची आई, खुणेने बोलायच्या. पोहे पुढे ठेवून बोट ओठांवर धरायच्या आणि आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघायच्या. आम्ही कीबोर्डची बटणंसुद्धा हळू दाबत होतो. बाहेर घाटाखालून येणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या मात्र चालूच होत्या. त्यांच्यामुळे काकांची झोप मोडत नव्हती.

काकूंच्या मनात एक सल होता आणि तो त्यांनी स्वयंपाकघरात मला कांदा चिरताना सांगितला. काकांना बढती आली होती. मालगाडी सोडून प्रवासी गाडीवर जायचं, वेळाही बऱ्या. त्यांनी ती नाकारली आणि उलट बँकरवर बदली मागून घेतली. कसाऱ्याहून इगतपुरीला घाट चढताना गाडीच्या मागे जास्तीची इंजिनं लावतात. ती गाडीला मागून ढकलतात, वर पोचली की सुटून परत खाली जातात. ते बँकर.

"माणसं पुढं जायला बघतात," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. "यांनी मागं जाऊन बसायचं मागून घेतलं. भाऊ विचारतो, दाजी असं का करतात. काय सांगू? कष्ट नकोत त्यांना, असं सांगते."

चार वाजता काका उठले. उंच माणूस, केस पांढरे होत आलेले. चहाचा कप घेऊन आमच्या मागे येऊन उभे राहिले.

"ही माणसं आहेत होय?" त्यांनी विचारलं.

नितीनने उत्साहाने सगळं सांगितलं. हे शेत, ही विहीर, हा ताण. बबन विहिरीत कसा पडतो तेही दाखवलं, कारण आता ते आम्ही मुद्दाम ठेवलं होतं. वैशालीने त्याला कोपराने ढोसलं, पण तोवर सांगून झालं होतं.

काका बघत राहिले. सखाराम उठला, शेतावर गेला, मग घागर घेऊन विहिरीकडे निघाला.

"हा तिथंच चाललाय परत," काका म्हणाले.

"तीन दिवस झाले ना काका," नितीन म्हणाला. "तीन दिवसांनी त्याचा ताण शून्य होतो."

"तीन कुठून आणले?"

वैशालीची मान खाली गेली होती. मग तीच म्हणाली, "तुमच्यावरून, बाबा."

काकांनी कप खिडकीत ठेवला. मला वाटलं, आता रागावतील. पण ते पडद्याकडेच बघत होते.

"तेवढीच रजा होती बाळा," ते म्हणाले. "रजा संपली म्हणून गेलो."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तो माणूस सायकल धरून उभा होता फाटकाशी," काका सांगायला लागले. आवाज अगदी साधा होता. "मी लांबून शिट्टी दिली. त्याने माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, आपण ओळखीच्या माणसाकडं बघतो तसं. मला वाटलं, थांबला. ब्रेक लावला तरी मालगाडी काय जागेवर थांबते? त्यानंतर प्रत्येक फाटकाला मला कोणीतरी उभं दिसायचं. असायचं पण कोणी ना कोणी. बाया असायच्या, पोरं असायची. सगळी माझ्याकडं बघतायत असं वाटायचं. हात घामाने भिजायचे. म्हणून बँकर मागून घेतला. तिथं समोर गाडीचा शेवटचा डबा असतो, दुसरं काही दिसत नाही. उतरताना बँकरची तिन्ही इंजिनं जोडून उतरतात, तेव्हा मी मधल्यात बसतो, तिथूनही पुढचा रूळ दिसत नाही. बाकीचे मला सांभाळून घेतात, विचारत नाहीत."

काकू दारात उभ्या होत्या. हात ओले होते, पदराला पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगता आलं नाही."

"मी सगळ्यांना सांगत फिरले, यांना कष्ट नकोत म्हणून. माझ्या भावाला सांगितलं. शेजारी सांगितलं." त्यांचा आवाज चढत गेला. त्या घरात मी ऐकलेला तो पहिला चढलेला आवाज. "वर्ष होत आलं. रोज माझ्या हातचा डबा घेऊन गेलात."

काकू आत गेल्या, स्टोव्ह पेटवला, पुन्हा विझवला. थोड्या वेळाने काकांनी चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. काकूंनी खिडकीतून पाहिलं, मग त्यांनीही चपला घातल्या आणि भराभर त्यांच्या मागे गेल्या. कोपऱ्यावर त्यांनी काकांना गाठलं. काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती आणि दोघांचेही डोळे लाल होते.

वैशाली त्या मधल्या वेळात जागची उठली नव्हती. तिने मनाचं सगळं लिखाण पुसून टाकलं. नितीनचा चेहरा पडला. तिने नव्याने लिहिलं. आता भूक आणि झोप यांचा ताण वेगळा आणि पाहिलेल्याचा वेगळा. पहिला भाकरीने उतरायचा. दुसरा कितीही दिवस गेले तरी उतरायचाच नाही. जिथे ते घडलं ती जागा जवळ आली की वर चढायचा, लांब गेलं की बसायचा. आणि माणूस फुटायच्या आधी त्याला एक मोकळीक दिली, की त्याने ती जागा टाळावी.

आम्ही खेळ चालू केला. बबन गेला. सखाराम आपल्या घरासमोर बसून राहिला. मग उठला, घागर घेतली आणि विहीर सोडून, शेताला पूर्ण वळसा घालून, पार टेकडीपलीकडच्या ओढ्यावर पाण्याला गेला. त्याला यायला उशीर झाला. भात वाळला. गौरा त्याच्यावर चिडली. पण कोणी गंजीला काडी लावली नाही. वस्ती कशीबशी, रडतखडत चालत राहिली.

ओरलला बाहेरून आलेले परीक्षक घाईत होते. त्यांनी सखारामचा तो वळसा पाहिला आणि पेन टेबलावर टेकवलं. "विहीर इथे जवळ आहे. हा एवढ्या लांब का जातोय? तुमचा रस्ता शोधायचा प्रोग्राम चुकलाय."

नितीन गडबडीने काही सांगायला गेला. वैशाली म्हणाली, "चुकला नाही सर. त्याला ती वाट नको आहे."

"प्रोग्रामला काय हवं-नको असतं?"

"त्याच्या मित्राला त्याने तिथे बुडताना पाहिलंय," ती म्हणाली. परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि "पुढचा ग्रुप" म्हणाले. मार्क बेताचेच पडले. खेळ त्या कॉम्प्युटरबरोबर कधीतरी भंगारात गेला.

मला पुढे अनेकदा वाटलं आहे, की त्या उन्हाळ्यात आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर तो आकडा लिहिलेला दिसता तर काय झालं असतं. माझ्या वडिलांचा, जे युपीएसवर ओरडत होते आणि ज्यांच्या कारखान्यात त्या वर्षी माणसं कमी करत होते. नितीनचा, ज्याच्या घरच्या गुलाबावर रोग पडला होता हे मला नंतर समजलं. आकडा दिसला असता म्हणून कोणी काही विचारलं असतं, याची मला खात्री नाही. शून्य दिसलं की आपल्याला बरं वाटतं आणि आपण आपल्या कामाला लागतो.

काका बरे झाले असं मी म्हणणार नाही. ते शेवटपर्यंत बँकरवरच राहिले. प्रवासी गाडीची बढती पुन्हा आली, ती त्यांनी पुन्हा नाकारली. या खेपेला काकूंनी भावाला खरं कारण सांगितलं.

तीनेक वर्षांनी ते निवृत्त झाले. ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला त्याचं इंजिन फुलांनी सजवतात आणि घरचे लोक फलाटावर ओवाळायला जातात. नितीनने मखमलाबादहून झेंडूच्या माळा पाठवल्या होत्या, त्या सकाळीच कसाऱ्याला पोचल्या. मी आणि वैशाली इगतपुरीच्या फलाटावर पाहुणे सांभाळत होतो. तिच्या मामाने गावाकडून माणसं आणली होती, एक छोटा बँडही आणला होता. गाडी वर आली. आम्ही थांबवायच्या आत सगळे पाहुणे हार घेऊन पुढच्या इंजिनाकडे धावले. तिथला ड्रायव्हर खिडकीतून हात हलवत हसून ओरडला, "मागं. ते मागं आहेत." मग ती सगळी मंडळी, फेटेवाले म्हातारे, नटलेल्या बाया, ढोल गळ्यात घेतलेले बँडवाले, गाडीच्या लांबच लांब डब्यांच्या कडेने शेपटाकडे पळत सुटली. पळता पळता वैशालीने मला विचारलं, "आई कुठंय? ताट तिच्याकडे आहे."

काकू फलाटाच्या दुसऱ्या टोकाला होत्या, जिथे फलाट उतरता होऊन संपतो तिथे. गाडी यायच्या कितीतरी आधीपासून त्या तिथे एकट्याच उभ्या होत्या, असं नंतर एका हमालाने सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा काका बँकरच्या इंजिनातून खाली उतरले होते. घाटावरचा वारा सुटला होता आणि निरांजन पेटत नव्हतं. काकू काडी ओढायच्या, वारा ती विझवायचा. काकांनी दोन्ही हातांचा आडोसा केला आणि ताटावर वाकले. दोघांची डोकी एकमेकांना टेकली. बँडवाले धापा टाकत येऊन उभे राहिले, पण वाजवा असं त्यांना कोणीच सांगितलं नाही.